सोमवारचा भोंगा

पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही. गिरगावातल्या ज्या छापखान्यात मी पत्रकं लिहायला शिकलो, तिथल्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या मजकुरातले तीन 'कदाचित' आणि एक 'बहुधा' लाल शाईने खोडले. "वाचणारा ट्रामच्या दांड्याला लोंबकळत वाचतो," ते म्हणाले. "त्याला तुझी शंका नको, निकाल हवा." मी एकोणीस वर्षांचा होतो. निकाल द्यायला मला फार आवडायचं. पुढची सगळी वर्षं मी निकालच दिले. मुंबई कुणाची, गोळ्या कुणी झाडल्या, कोण फितूर झाला. त्यातले बहुतेक खरे होते आणि आजही मी ते मागे घेणार नाही. एक खोटा होता. तो मागे घेतला. हे त्याच्याबद्दल आहे.

राज्य मिळालं. लोक मला विचारतात, आता का गप्प असतोस? गप्प नाही, दमलोय. सभांनी माणूस दमत नाही, सभेत उलट अंगात येतं. दमवतं ते दुसरंच काहीतरी.

आम्ही लालबागला राहायचो, म्हणजे अजून राहतो. चाळीच्या समोर मिलची भिंत, आणि फाटक गॅलरीतून दिसेल इतकं जवळ. आमच्या शेजारच्या खोलीत मावशी. सख्खी नव्हे, पण आई गेल्यावर जिच्या चुलीवर मी जेवलो ती बाई सख्खी नाही असं मी तरी म्हणणार नाही. सावंतवाडीकडची. अठरा वर्षं त्याच मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे कांड्यांवरचं सूत मोठ्या कोनांवर भरायचं ते खातं. तिथे सगळ्या बायकाच, म्हणून तिथे दिवसाची एकच पाळी. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती. अकराच्या रिसेसला बाकीच्या बायका खात्यातच डबे उघडायच्या. मावशी मात्र फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून वर, काकांना भरवायचं आणि साडेअकराच्या भोंग्याआधी आत. काकांना एक घास गिळायला वेळ लागायचा. मावशी एक डोळा ताटावर आणि एक भिंतीवरच्या घड्याळावर ठेवून भरवायची.

आणि एका शनिवारी तिच्या हातात चार्जशीट पडलं. 'रिसेसनंतर कामावर वारंवार उशिरा येणे.' खाली अकरा तारखा. चौकशी होईपर्यंत सस्पेंड. त्या दिवसांत मिलवाले काही ना काही निमित्त काढून बायका कमी करत होते. नवीन मशिनं यायची होती, आणि एका मशिनाला निम्म्या बायका पुरतात. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मला ते माहीत आहे.

"झिला, मी आत पाय टाकतंय आणि मगे भोंगो होता," मावशी म्हणाली. ती दारात उभी होती, कागद पदराच्या टोकात घट्ट धरलेला. "रोज. विचार त्या वॉचमनाक. भोंग्याआधी आत गेलेली बाई उशिरा कशी?"

हाच तर मुद्दा होता. फाटकातून बाहेर जाताना कुणी काही लिहीत नसे. आत येताना मात्र टाइम ऑफिसच्या खिडकीतला टाइमकीपर नंबर लिहायचा आणि शेजारच्या घड्याळातली वेळ टाकायचा. दोन मिनिटांची सवलत, त्यापुढे लाल शेरा. मावशी भोंग्याच्या एक मिनिट आधी आत जायची आणि तरी लाल शेरा. आता सांगा, माझ्यासारख्याने काय समजायचं?

तरी मी तपास केला. पत्रक लिहिणारा तपास करत नाही असा आरोप माझ्यावर कुणी करू नये. आमच्या मजल्यावर सात घड्याळं होती. पुढच्या शनिवारी मी कागद-पेन्सिल घेऊन गॅलरीत उभा राहिलो. भोंगा झाला तसा सातही खोल्यांतून पोरांनी ओरडून वेळ सांगितली. सातही घड्याळं साडेअकरा. फार तर अर्ध्या मिनिटाचा फरक. मग मी धावत फाटकाशी गेलो आणि टाइम ऑफिसच्या खिडकीतून आत पाहिलं. त्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे.

सात विरुद्ध एक. मी त्याच दुपारी गिरगावात जाऊन पत्रक लिहिलं. मथळा, 'घड्याळचोर!' त्यात टाइमकीपरचं नाव नव्हतं, पण त्या खिडकीत एकच माणूस बसायचा. 'मालकाचा हा चाकर रोज पाच मिनिटं काटा पुढे सरकवतो आणि गरीब बाईची भाकरी खातो.' कदाचित नाही, बहुधा नाही. वडीलधाऱ्यांनी एकही शब्द खोडला नाही. पाठीवर हात ठेवला. लालबागपासून परळपर्यंत पत्रक वाटलं गेलं. करी रोडला, जिथे टाइमकीपर राहायचा, तिथे त्याच्या दारावर कुणीतरी कोळशाने मथळा लिहिला.

चौकशीला मावशीबरोबर मी गेलो, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि कागद वाचून दाखवायला एक माणूस चालत होता. लेबर ऑफिसर आपलाच, मराठी, अतिशय सभ्य. सभ्य माणसांचा मला तेव्हा फार राग यायचा. टाइमकीपर कोपऱ्यात बसला होता, पन्नाशीचा, हातात माझं पत्रक चार घड्या घातलेलं.

"तुमचं म्हणणं, आमचं घड्याळ पुढे आहे," ऑफिसर म्हणाले. "बसा. बातम्यांची वेळ होऊ दे."

त्यांच्या खोलीत रेडिओ होता. दहाएक मिनिटं आम्ही सगळे बसलो. दार उघडं होतं, समोर टाइम ऑफिसचं घड्याळ. बातम्यांआधीचे ते ठोके सुरू झाले आणि शेवटच्या ठोक्याला त्या घड्याळाचा काटा टक करून नेमका तासावर आला. वर नाही, खाली नाही.

ऑफिसरांनी रेडिओ बंद केला. "हे आमचं मुख्य घड्याळ. सगळ्या खात्यांतली घड्याळं याच्याच तारेवर चालतात. आणखी काही?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईने तेवीस वर्षांच्या पोराकडे असं पाहू नये.

"पुढची तारीख देतो," ऑफिसर म्हणाले. "तीन आठवडे. त्या दिवशी काही आणलं नाहीत तर कामावरून कमी." बाहेर पडताना टाइमकीपर माझ्या बाजूने गेला. थांबून म्हणाला, "फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात मीही होतो, बाबा. तुझ्या मागेच असेन." एवढंच.

त्या मिलच्या घड्याळांची देखभाल गिरगावातला एक घड्याळजी करायचा हे मला तिथेच कळलं. त्याचं दुकान माझ्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत. चार वर्षं मी तिथून जात होतो. म्हातारा दर सोमवारी सकाळी नऊला मिलमध्ये जायचा आणि सगळी घड्याळं बघून यायचा.

मी त्याला सगळं सांगितलं. सात घड्याळं, भोंगा, पाच मिनिटं. त्याने डोळ्याचं भिंग काढलं.

"ही तुमच्या चाळीतली सात घड्याळं, ती कशावर लावता?"

"कशावर म्हणजे? भोंग्यावर. अख्खं गिरणगाव भोंग्यावर लावतं."

"आणि मग त्याच घड्याळांनी भोंगा तपासलास?"

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. हे एका क्षणासाठीही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सात साक्षीदार आणलेत म्हणून मी छाती काढून फिरत होतो, आणि सातही जण एकाच माणसाचं ऐकून बोलत होते.

"भोंगा कोण वाजवतं?" म्हातारा म्हणाला. "बॉयलरवाला. तो बघतो बॉयलरजवळचं घड्याळ. ते आणि वाइंडिंग खात्यातलं, दोन्ही एका तारेवर. मुख्य घड्याळ दर अर्ध्या मिनिटाला तारेतून एक धक्का पाठवतं, तो पोचला की तिथला काटा अर्धं मिनिट पुढे उडी मारतो. धक्का चुकला की उडी चुकली. काटा तसाच मागे. त्याला काय कळणार आपण मागे आहोत ते? ती दोन घड्याळं मला दर सोमवारी सहा मिनिटं मागे सापडतात. पुढे करतो. दोनदा साफ केली. परत तेच."

दर सोमवारी. मला चाळीतलं बोलणं आठवलं. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं की सोमवारचा अकराचा भोंगा लवकर होतो. 'सोमवारी मिलला घाई सुटते,' बायका म्हणायच्या. सोमवारी अकराला पाच कमी असताना स्वयंपाक उरकायचा आणि भोंगा झाला की घड्याळ पाच मिनिटं पुढे करायचं. झाडलोट करावी तसं. मालकाचा आणखी एक जुलूम, असं म्हणून आम्ही तो सोडून दिला होता. मी तर त्यावर पत्रकात एक ओळही लिहिली होती कधीतरी.

मी खिशातून चार्जशीट काढून तारखा वाचल्या. पंचांगात वार पाहिले. शुक्रवार, शनिवार, शनिवार, शुक्रवार. अकराच्या अकरा. मंगळवार एकही नाही, बुधवार एकही नाही. कागद तीन आठवडे माझ्या खिशात होता.

"किती मागे ते मला माहीत आहे," घड्याळजी म्हणाला. "कधी मागे पडतं ते माहीत नाही. मी जातो तेव्हा शहाण्यासारखं चालतं. ते कुणी बघून सांगितलं तर बोल."

बघणार कोण? मावशी बाहेर. आत तिच्या शेजारच्या मशिनवर एक वहिनी होती. वहिनी म्हणजे डिलाईल रोडला बीडीडी चाळीत राहणाऱ्या माझ्या मित्राची बायको. आम्ही दोघं एकाच मोर्चात मार खाऊन दोस्त झालो होतो. वहिनी तिखट बाई. तिला सांगितलं, रिसेसमध्ये घड्याळासमोर बसा, काट्याच्या उड्या मोजा. अर्ध्या तासात साठ व्हायला हव्यात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मावशीच्या दारात आली. "साठ."

"नीट मोजल्या?"

"भावोजी, आजपर्यंत माझी एक कांडी चुकली नाही. साठ."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पण साठ. तिसऱ्या दिवशी पण साठ. मावशीने तिला चहा दिला. मी परत गिरगावात गेलो. म्हातारा मान वर न करता म्हणाला, "रिसेसमध्ये मशिनं बंद असतात ना?"

"असतात."

"ताप उतरल्यावर थर्मामीटर लावलास. चालू असताना मोज. विशेष करून सुरू होताना." मग त्याने खणातून एक मनगटी घड्याळ काढलं, माझ्यासमोर रेडिओवर लावलं आणि माझ्या हातात दिलं. "गिऱ्हाइकाचं नाही, माझं आहे. पाडू नकोस. आणि एक ध्यानात ठेव, घड्याळाचे काटे कधी मागे फिरवू नयेत, ठोक्याच्या घड्याळाचे तर नाहीच. आतली चक्रं बिघडतात. पुढे गेलं असेल तर लंबक धरून उभं राहायचं, खरी वेळ येईपर्यंत. लोकांना तेवढा धीर नसतो."

मशिन चालू असताना बाईने मोजायचं कसं? एका बाईकडे पन्नास टोकं. तुटलं की गाठ, तुटलं की गाठ. वर जॉबरची, म्हणजे खात्याच्या मुकादमाची, नजर. लिहायचं तर कागद आला, आणि कागद दिसला की संपलं. मार्ग मावशीनेच काढला. ती भिंतीला टेकून बसली होती, बोलता बोलता तिच्या हातात दोऱ्याचा तुकडा आला होता आणि बोटं आपली गाठी मारत होती, खाली न बघता.

"अगो, गाठ तर आपण झोपेत मारतो," ती वहिनीला म्हणाली. "कमरेला एक दोरो सोड. काट्यान उडी मारली की एक गाठ. कोण बघता?"

पाव तास कळायला मध्ये लाल दोऱ्याचा तुकडा गुंफायचा, वहिनीच्या पोलक्याच्या बाहीत बांधलेल्या मनगटी घड्याळाप्रमाणे. दोन लालांमध्ये तीस गाठी हव्यात. सकाळी मशिनं सुरू झाल्यापासून एक तास, आणि रिसेसनंतर एक तास.

"आणि बाहेर कसा आणू?" वहिनी म्हणाली. फाटकावर बायकांची झडती व्हायची. मिलचं सूत, मग ते वीतभर का असेना, सापडलं की चोरी.

"मनगटाक बांध. नवसाचो दोरो म्हणान सांग."

वहिनी हसायला लागली. "मावशी, दीक्षा घेऊन वर्ष झालं. गंडे, दोरे, नवस, सगळं सोडलं. आता तुमच्या घड्याळासाठी परत बाटू काय? आमच्या चाळीत कुणी बघितलं तर नवऱ्याआधी सासूच हाकलून देईल."

"मगे?"

"डब्याला गुंडाळते. झाकण सैल आहे म्हणून सांगीन. ते खरंच सैल आहे."

ती हसत होती, पण सापडली असती तर मावशीच्या जोडीला तीही घरी बसली असती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी तिला 'नको' म्हणालो नाही. चळवळीत दुसऱ्याच्या जिवावर धीट होण्याची सवय लागते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा आला. झडतीवालीने दोऱ्याला हात लावून विचारलं होतं, झाकण हलवून पाहिलं होतं आणि सोडलं होतं. मावशीने दोन्ही दोरे जमिनीवर ताणून धरले, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली. तिला अक्षर येत नाही, पण गाठी मोजताना तिच्या बोटांना माझे डोळे गाठू शकत नव्हते. खाटेवरून काका बघत होते. सकाळचा दोरा, पहिला लाल येईपर्यंत एकोणतीस. मी म्हटलं परत मोज. एकोणतीस. मग तीस, तीस, तीस. रिसेसनंतरचा दोरा, एकोणतीस. मग तीस, तीस, तीस.

"थयच," मावशी म्हणाली. "मशिना सुरू होतत थयच."

दिवसाला दोन उड्या, म्हणजे एक मिनिट. मंगळवारी एक, शुक्रवारी चार, शनिवारी पाच. घड्याळजीने दोरे हातात घेतले, भिंगाखाली पाहिले, आणि मला वाटतं त्या माणसाला पहिल्यांदाच माझ्यात काहीतरी बरं दिसलं. "खात्यातल्या मोटारी सुरू झाल्या की भिंत हादरते," तो म्हणाला. "तारेचा जोड त्या भिंतीवर आहे. सैल असणार. नेमक्या त्या वेळी धक्का आला की गळतो." पण चौकशीत येऊन सांगा म्हटल्यावर त्याने मान हलवली. "मी सांगतो. पण माझ्या तोंडाला मिल विचारणार नाही. दर सोमवारी मी किती पुढे केलं ते टाइमकीपर वहीत लिहितो. ती वही मागा."

म्हणजे घड्याळचोराकडेच जायचं.

मी रविवारी सकाळी करी रोडला गेलो. दारावरचा कोळसा पुसला होता, पण नीट वाचता येत होता. त्याच्या बायकोने मला ओळखलं नाही, पाणी दिलं. त्याने ओळखलं. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, शनिवार, दोरे. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"वहीत आहे," तो म्हणाला. "दर सोमवारी सहा मिनिटं. मी लिहीत आलो, कुणी वाचलं नाही. मीही दोन गोष्टी जोडल्या नाहीत, हे माझं चुकलं. ऑफिसरसमोर वही उघडतो."

"उपकार होतील."

"आधी पत्रक. जेवढ्या भिंतींवर चिकटवलंस तेवढ्या भिंतींवर. माझी मुलगी गेले दोन आठवडे शाळेत जात नाही. तिला काय म्हणतात ते तुझ्या तोंडून ऐकायचंय का?"

छापखान्यात वडीलधारे माझ्यावर उखडले. "आत्ता? वातावरण असं तापलेलं असताना? अरे, उद्या लोक म्हणतील, यांचं घड्याळ खोटं तर यांचा नकाशाही खोटा."

"पण ते खोटंच होतं."

"मग बाईसाठी दुसरं काही करू. वर्गणी काढू. पत्रक मागे घ्यायचं नाही. चळवळीला मागे जाणं परवडत नाही."

हेच मला चार वर्षं शिकवलं होतं आणि मला ते पटलंही होतं. मी म्हटलं, वर्गणीने काकांच्या तोंडात घास जाईल, पण मावशीच्या अठरा वर्षांचं काय? ते म्हणाले, तू दमलायस, घरी जा. ते बरोबर होतं.

पत्रक मी लालबागला एका दोस्ताच्या सायक्लोस्टाइलवर काढलं. आठ ओळी. 'मिलचा टाइमकीपर घड्याळ पुढे करतो हे मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. त्याचं घड्याळ बरोबर आहे. भोंगा मागे पडतो. मी तपासलं नव्हतं.' खाली माझं नाव. शेवटची ओळ लिहायला जितका वेळ लागला तितका कुठल्याच पत्रकाला लागला नव्हता. चिकटवायला कुणी आलं नाही. खळ, ब्रश आणि मी. परळच्या नाक्यावर ओळखीचा एकजण थांबून वाचून म्हणाला, "काय रे, मालकाने चहा पाजला वाटतं?" दुसरा थुंकला. फाटकावर वाटायला उभा राहिलो तेव्हा लोकांनी हातात घेतलं, जुन्या सवयीने मूठ वळली, आणि मग वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचं काही चोरलं होतं. सर्वांत शेवटी मी करी रोडच्या त्या दाराशेजारी चिकटवलं. आतून टाइमकीपरची मुलगी बघत होती. दहा-बारा वर्षांची असेल.

चौकशीला टाइमकीपरने वही उघडली. घड्याळजी बोलला. मी तारखांचे वार वाचले. वहिनीचं नाव आम्ही कुणीच घेतलं नाही, म्हणून दोरे माझ्या खिशातच राहिले. एवढं करून आणलेला पुरावा दाखवता आला नाही, आणि तरी त्याच्याशिवाय आम्ही तिथवर पोचलोच नसतो. ऑफिसरांनी बॉयलरवाल्याला बोलावून विचारलं, तो म्हणाला, "मी माझ्यासमोरचं घड्याळ बघतो साहेब, मला काय ठाऊक?" चार्जशीट रद्द. 'यापुढे काळजी घ्यावी' अशी तंबी मात्र कायम. कसली काळजी, ते लिहिलं नव्हतं.

घड्याळजीने स्टुलावर चढून भिंतीवरचा जोड घट्ट केला. दहा मिनिटं लागली असतील. मावशी त्याआधी सात आठवडे घरी बसली होती.

"तू आधी मोजलं असतंस तर," ती मला त्या दिवशी म्हणाली, रागाने नाही, दमून. वाक्य पुरं केलं नाही. भांडी घासत राहिली.

आणि मग सोमवार आला. मी घरीच होतो, कारण गिरगावात मला आता कुणी बोलावत नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला मजल्यावर आरडाओरडा झाला. बायका गॅलरीत जमल्या होत्या. अकराचा भोंगा पाच मिनिटं उशिरा झाला होता, आणि आता घड्याळात साडेअकरा होऊन गेले तरी दुसरा होत नव्हता. एकजण मला बघून म्हणाली, "हा बघ, आला. आता घाल ना पत्रक! आता तर उघडउघड रिसेस खातायत."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. सोमवार होता. सकाळी कामाच्या धांदलीत, भोंग्याची वाट न बघता, सातही खोल्यांतल्या बायकांनी वर्षांच्या सवयीने घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं होतं. या वेळी मागे पडलेलंच नव्हतं.

तेवढ्यात मावशी जिन्यातून वर आली, धापा टाकत, तोंड उतरलेलं. फाटकापर्यंत जाऊन आली होती. वॉचमन म्हणाला होता, बाई, अजून पाच मिनिटं आहेत. "अर्धीच भाकरी झाली त्यांची," ती म्हणाली. "ताट तसंच टाकून पळालंय." परत फिरायला फारसा वेळ नव्हता, तरी ती परतली होती.

"लिही रे," कुणीतरी पुन्हा म्हणालं.

मी आधी मावशीच्या खोलीत गेलो. काका खाटेवर, तोंडात घास, डोळे दाराकडे. घड्याळाचं झाकण उघडलं. काटा मागे न्यायला हात गेला आणि थांबला. मी लंबक दोन बोटांत धरला आणि उभा राहिलो. बाहेर बायका बोलतच होत्या. खोलीत टकटक बंद झाली.

"काय करतस?" मावशी म्हणाली.

"पाच मिनिटं थांबवतोय. खरं तेवढं होईपर्यंत."

तिने एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग खाटेच्या कडेला बसली आणि उरलेली अर्धी भाकरी आमटीत कुस्करायला लागली.